तिची पाळी काहून नाही आली?

"गुरुजी, त्या कामवालीची पाळी काहून नाही आली?"

मी एवढंच विचारलं आणि रविवारी वाचनालयात गोष्टीवर बोलायला जमलेले दहा-बारा जण हसत सुटले. बायका पदर तोंडाला लावून. निवृत्त गुरुजी म्हणाले, "अवं बाई, हे डॉक्टरीणबाईले इचार!" पुन्हा हशा.

माझे कान तापले. आमच्याकडे नंबर येतो त्याला पाळीच म्हणतात. घरी गोरमाटी, आम्हा बंजाऱ्यांची बोली. मराठी मी शाळेत कमी, चक्कीवर दळणाच्या पाळीत उभी राहून जास्त शिकले. सातवीत शाळा सुटली. झरी जामणीकडचा तांडा सोडून इथं बाभुळगावला आले. वाचनालय झाडते. इथल्या ग्रंथपाल मॅडमनी काम दिलं, पुस्तकं घरी न्यायला दिली.

त्या गोष्टीत एका घरात बांगडी हरवते. आधी मालकीण सांगते, मग मालक, मग मुलगी, मग शेजारीण. एकीला कामवाली चोर दिसते, एकाला बिचारी. ती स्वतः कुठंच सांगत नाही. शेवटी मी पुस्तकाची शिवण तपासली. तिचं पान फाटलं असेल, म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "तू पाळी म्हणतेस त्याला दृष्टिकोन म्हणतात गं. आणि तिचं मौन हीच लेखकाची कमाल आहे."

मॅडम नसत्या तर मी अजून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत असते. गप्प बसणार होते. तरी निघालंच तोंडातून.

"मौन नाही जी ते. तिले कोणी इचारलंच नाही."

आता कोणी हसलं नाही. गुरुजी म्हणाले, "चहाचं पाह्य व. थंडा होऊन राह्यला."

पुढं मॅडमनीच हे सगळं वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी लिहायला लावलं. लिहिलं. त्यांनी लाल पेनानं 'पाळी' खोडलं, वर 'दृष्टिकोन' लिहिलं. "लोक तुलाच हसतील गं." मायेनंच म्हणाल्या.

मी म्हणाले,

"हसू द्या. दृष्टिकोन तं तिच्यापाशी होताच, मॅडम. पाळीच भेटली नाही."

कागद मी परत घेतला. पुन्हा उतरवला, तो हा. अंकात जाईल तर या शब्दासकट. मॅडमचे उपकार मोठे आहेत, ते मी जन्मभर मानीन. पण त्यांच्या बदल्यात माझं वाक्य देणार नाही. काम जाईल का, ही धडधड आहेच. असू दे. पुढच्या रविवारी नवी गोष्ट आहे. वाचून झाली. बोलायला मी पहिली उठणार.