पिवळ्या घराची काच

मुलांनो, तुम्ही सुट्टीत नॉर्वेच्या त्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावी जाणार, असं तुमच्या बाबांनी काल फोनवर सांगितलं. मी मागच्याच आठवड्यात तिथून परत आले. तिथे काय बघायचं, असं धाकटीनं विचारलं, म्हणून आताच लिहिते.

तुमची आत्या आणि तिचे यजमान मला इथून, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेहून, घेऊन गेले होते. गावात दीपस्तंभ आहे, पांढरं लाकडी चर्च आहे. बंदरावरचा मासळीबाजार नावापुरताच उरला आहे, तिथे आता चिप्स मिळतात. तेलकट कागदांवर सीगल तुटून पडत होते, बाकं त्यांच्या विष्ठेनं माखली होती आणि शेजारी उभं राहून लोक खात होते. मी काही न खाता पुढे निघाले.

पण खरी किळस आली ती जुन्या लाकडी घरांच्या गल्लीत. एका पिवळ्या घराच्या खिडकीला माणसं नाक लावून उभी होती. आत एक म्हातारी बटाटे सोलत होती. आत्याच्या यजमानांनीही फोन काचेला टेकवला.

"अहो, कोणाचं तरी घर आहे ते."

"म्युझियम आहे, आई. जुना काळ दाखवायला पगारी माणसं बसवतात."

"आणि तिनं प्लास्टिकची बादली घेतली आहे ती?"

"गेनाऊ," जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणत ते म्हणाले, "तेवढं चुकलंय त्यांचं."

तेवढ्यात म्हातारी ओलं फडकं घेऊन बाहेर आली. काचेवर नाकांचे, बोटांचे डाग होते, कोणाचं तरी आइस्क्रीमही. ती पुसत राहिली. मी इंग्रजीत माफी मागितली. "रोजचंच आहे," ती म्हणाली. गल्लीतली बाकीची सगळी घरं पर्यटकांना भाड्यानं दिलेली आहेत. तिचा मुलगा हेही विकून टाक म्हणतो. तिला इथेच राहायचं आहे, पण स्वयंपाकघराला ही एकच खिडकी, पडदा लावला की अंधार.

आम्ही बोलत असतानाच एकानं पुसलेल्या काचेला पुन्हा फोन लावला. ती आत गेली आणि तिनं पडदा ओढला. भर दुपारी आत दिवा लागला.

"फोटो काही नीट आला नाही," आत्याचे यजमान म्हणाले.

दीपस्तंभ बघा, चर्च बघा. त्या गल्लीत जाऊ नका. तिथे अजूनही एका घरात माणूस राहतं.