दमवून आणायचं राहिलं

दवाखान्यात जायचं तर माणसाला आराम देऊन, नीटनेटकं करून न्यायचं, ही आमच्या खान्देशातली रीत. माझी पोरगी शाळेत खो-खो खेळताना धाडकन पडली, तेव्हाही मी तेच केलं. दुपारभर निजवलं, सरबत पाजलं, वेणी घातली, मग आम्ही आता राहतो त्या सामरवरणीहून रिक्षाने सिल्वासाच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी एकदम नॉर्मल. अशक्तपणा आहे म्हणे, खजूर द्या. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. ती परत पडली, मी परत निजवून नेलं, परत नॉर्मल. मशीन म्हणतं ठीक आहे आणि पोरगी मैदानावर पांढरीफटक पडते, मग विश्वास ठेवायचा कुणावर?

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडते नेमकी कधी?"

"सकाळी काही खातच नाही ना मॅडम..." मी सुरू झाले.

"तुम्ही थांबा. तिला बोलू द्या."

"पळताना," पोरगी म्हणाली. "आधी छातीत दुखतं. मम्मीला सांगितलं असतं तर तिने खो-खो बंद केलं असतं."

केलंच असतं.

मग सुरतला सीटी स्कॅन झाला. हृदयाला रक्त देणारी डावी नळी जन्मापासूनच भलत्या जागेवरून निघालेली, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाणारी. पळताना त्या फुगतात आणि मधल्या नळीला चिमटतात. निजल्यावर सगळं मोकळं. एखाद्या दिवशी ती पडली आणि उठलीच नाही तर?

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी मी आधी तिच्या पायांकडे बघायची, पळते की काय म्हणून. "हळू गं, हळू," एवढंच माझ्या तोंडात. हे कंपनीतून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "बसलीय ना ती?"

छाती उघडून डॉक्टरांनी नळीचा चिमटलेला भाग मोकळा केला. जखम भरली. काही महिन्यांनी तपासणीला बोलावलं आणि म्हणाले, आज हिला चांगलं दमवायचंय. पळत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा जोरात फिरायला लागला तशी मी पुटपुटले, "हळू..."

"मम्मी, तू बाहेर जा ना," ती धापा टाकत म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला भीती वाटते."

मी बाहेर बाकावर बसले. दाराआडून तिचे पाय धपधप वाजत होते. ते थांबू नयेत, एवढंच मी देवाकडे मागत होते.