साठ फुटांची भिंत आणि मनोरमाबाईंच्या टिकल्या

"ठिपका वाकडा पडला तर पुसून टाका, त्याच्यावर माया करू नका."

हे मनोरमाबाईंचं नेहमीचं बोलणं. भोपाळच्या बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांतल्या सुना-लेकी ते चाळीस वर्षं ऐकत आल्या. परतवाड्याहून लग्न होऊन बाई भोपाळला आल्या, तेव्हा सामानात रांगोळीचा डबा होता. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात निघायच्या आत दारात रांगोळी पडलेली असे. दोरी नाही, फूटपट्टी नाही. एकवीस ओळी एकवीस ठिपक्यांच्या अशा उतरत, की वाटावं जमिनीनंच त्या आधी मोजून ठेवल्यात. दुपारपर्यंत सायकली, चपला, एखादी गाय, सगळं पुसलं जाई. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. किंवा वाटत असेल, तर त्या कधी बोलल्या नाहीत.

यंदा जवळच्याच अवधपुरीतल्या मराठी मंडळानं ठरवलं, सभागृहाच्या मागच्या साठ फुटी भिंतीवर बाईंची रांगोळी रंगवून घ्यायची. न पुसली जाणारी. हे कळलं त्या दिवशी बाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं.

इंदूरच्या चित्रकारानं, सत्यजितनं, एकच अट घातली. शनिवारी दुपारी बारापर्यंत अख्ख्या भिंतीचा एकसंध फोटो हवा. त्यावर तो आराखडा बेतणार. नाहीतर तो दुसरं काम धरणार. मंडळाचे सेक्रेटरी हेमंतराव हे काम फसायचीच वाट बघत होते.

"नाही जमलं तर टाइल्स लावू," ते म्हणत. "पाणी मारलं की स्वच्छ!"

फोटोचं काम बाईंच्या शेजारच्या क्षितिजाकडे आलं. भिंतीसमोर जेमतेम आठ फुटांचा बोळ, मागे कुंपण. एका फोटोत भिंत मावेना. म्हणून शनिवारी सकाळी तिनं सरकत सरकत वीस फोटो काढले आणि लॅपटॉपला जोडायला दिले. लॅपटॉप काही जोडेना. नुकताच तेलरंग दिलेली पांढरीफेक भिंत. ना तडा, ना डाग.

"काकू, याला शेजारच्या दोन फोटोंत एकच खूण दिसली पाहिजे. तेव्हा कळतं कोणता कुठे चिकटवायचा. इथे तर सगळं सफाचट!"

"खूणच हवी ना? मग थांब."

बाई घरी जाऊन टिकल्यांची पाकिटं घेऊन आल्या. लावायच्या, फोटो झाला की काढायच्या. भिंतीला ओरखडा नाही. त्या स्टुलावर चढल्या आणि मोठ्या मरून टिकल्या लावत गेल्या. हातभर अंतरावर एक, ओळीखाली ओळ. तासाभरात भिंतीवर असे ठिपके उभे राहिले, की क्षितिजा बघतच राहिली.

तिनं पुन्हा फोटो काढले, पुन्हा जोडले. लॅपटॉपवर साठ फुटांची भिंत नऊ फुटांची झाली.

"वा!" हेमंतराव म्हणाले. "टाइल्स कमीच लागतील."

क्षितिजा घुटमळली. "काकू, राग नका मानू. तुमच्या रांगा फारच सरळ आहेत. प्रत्येक जागा दुसरीसारखी दिसते. मशीनला वाटतं, अरे, ये तो अभी देखा, आणि ते एकावर एक चढवून देतं."

"मग काय हवं त्याला?"

"वाकडं. एकदम गबाळं. वेगवेगळ्या टिकल्या, मनाला येईल तिथे."

पुरणात खडे घाल म्हटल्यासारखा बाईंचा चेहरा झाला. पण साडेदहा वाजून गेले होते. दोघींनी मरून टिकल्या उतरवल्या. बाईंनी सगळ्या पाकिटांतल्या टिकल्या मिसळल्या. लांबट, चांदणीच्या, सापाच्या, पोपटाच्या. पहिली लावली, दुसरी लावली. तिसरी आपसूक त्याच ओळीत बसली. त्यांनी ती उपटली, पुन्हा लावली, पुन्हा ओळीत.

"मेला हात ऐकतच नाही!"

मग त्या थांबल्या. त्यांनी टिकल्या उजव्या हातात घेतल्या आणि लावायला डावा हात पुढे केला. डाव्या हाताला कुणी ठिपके शिकवले नव्हते. तो मोकाट सुटला. इथे पोपट, तिथे चांदणी, मध्येच दोन एकमेकींना खेटून. स्टुलावर उभ्या बाई अचानक हसायला लागल्या, आणि हसता हसता भिंत भरली.

बाराला पाच कमी असताना लॅपटॉपवर भिंत उलगडली. पूर्ण साठ फूट. क्षितिजानं फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "झकास. सोमवारी येतो. टिकल्यांची कमाल कुणाची?"

"माझ्या डाव्या हाताची म्हणावं," बाई म्हणाल्या.

त्या टिकल्या काढू लागल्या. टाकवेनात, म्हणून एकेक डाव्या हातावर चिकटवत गेल्या. भिंतीच्या कडेच्या पाइपाजवळची शेवटची चांदणी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

"मनोरमाताई, ती वाकडी आहे," हेमंतराव म्हणाले. "पुसा की!"

"हेमंतराव, आता तुमच्याच तोंडाला एक टाइल बसवून घ्या."

त्यांनी टिकल्यांची पाकिटं उचलली, घाम पुसला आणि बरखेड्याच्या रस्त्याला लागल्या. कोपरापर्यंत हात रंगीबेरंगी. घाम पुसताना एक हिरवा पोपट कपाळावर जाऊन बसला होता, थेट कुंकवाच्या शेजारी. हेमंतरावांनी हाक मारायला तोंड उघडलं. क्षितिजानं त्यांच्या बाहीला धरून थांबवलं. कुंपणाशी उभे राहून दोघं बघत राहिले, बाई वळणाआड जाईपर्यंत.