हातची बोली

यल्लाप्पाआप्पा बोलायला लागले की कट्ट्याखालची कुत्री उठून लांब जाऊन बसायची. भांडण नव्हे हो, साधं "बरा हाईस न्हवं?" विचारायचे. सगळा जन्म वडगावच्या माग-शेडमध्ये गेलेला. यंत्रमागांच्या खडखडाटात बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून आम्ही मागवाले हातांनी बोलतो. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ वळून अंगठा ओठांकडे नेला की चहा. ही बोली मला आप्पांनीच शिकवली.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी काम सोडलं. आम्हाला कसला आलाय निवृत्तीचा समारंभ! मालकानं एक टॉवेल आणि नारळ हातावर ठेवला. आप्पांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. "आता पैली पाळी झोपंची, दुसरी गप्पांची," म्हणाले आणि गावी, येळ्ळूरला जाणाऱ्या बसमध्ये चढले.

पण गप्पा मारायला कान लागतात, आणि ते तर शेडमध्येच राहिले होते. सून शोभा बेळगुंदीची, बारीक आवाजाची. मामंजींनी पाणी मागितलं तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. बिचारी लाजून बोलेनाशीच झाली. ताट समोर ठेवायची आणि वळायची. मुलानं कानाचं मशीन आणलं. आप्पांनी ते चार दिवस लावलं आणि फडताळात ठेवून दिलं. "त्यात माणसं कमी आन् कुकर जास्त ऐकू येतोय," म्हणाले.

एका रविवारी मी गेलो, तर आप्पा कट्ट्यावर एकटेच. खरं सांगतो, माझ्याही कानात हल्ली सारखी शिट्टी वाजते. अंगात त्राण उरलेलं नाही, पाठ तर कधीच कामातून गेली. तरी मी पाळ्या करतोय, ते या कट्ट्याच्या भीतीनं. मी न राहवून ओरडून विचारलं, "आप्पा, सून बोलत न्हाय, वाईट वाटत न्हाय तुमास्नी?"

"ती बोलत्या रं! मलाच ऐकू येत न्हाय. त्यात तिची काय चूक?" असं म्हणून ते गुडघे धरत उठले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सुनेकडे बघून अंगठा ओठांना लावला.

शोभाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. सासरा भर दुपारी दारू मागतोय! मला हसू आवरेना. "अगं, चहा मागतायत," म्हणून समजावता समजावता पुरेवाट झाली. मग तीही तोंडाला पदर लावून हसली. आप्पांना काय झालं ते कळलंच नव्हतं. पण दोघं हसताहेत म्हटल्यावर तेही हसायला लागले.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शेडमधल्या खुणा संपल्या तेव्हा शोभानं आपल्या नव्या काढल्या. मीठ कमी पडलं, बस चुकली, नवरा तापलाय. पोटावर हात फिरवून भुवया उडवल्या की 'जेवलात काय?' घर शांत झालं आणि दोघांची दिवसभर खुसखुस चालायची. मुलगा कावायचा, "माझ्याच घरात मला कळंना झालंय!" मी तब्येत विचारली की आप्पा म्हणायचे, "गुडघं म्हणत्यात बस. मी म्हणतोय, बसलोय की लेका!"

यंदा आप्पा गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी पाळीवरून तसाच धावलो, केसांत कापूस घेऊन. अंगण माणसांनी भरलेलं. बायकांचा आक्रोश माझ्यापर्यंत लांबून आल्यासारखा येत होता. कोणी काही विचारलं की मी नुसती मान हलवायचो. भिंतीला टेकून ओंडक्यासारखा उभा राहिलो. रडूही येईना. आता मी बोलायचं कुणाशी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात आप्पांच्या उशाशी बसलेल्या शोभानं मान वर केली. डोळे सुजलेले. मला बघितलं, पोटावर हात फिरवला आणि भुवया उडवल्या. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं मूठ वळली, अंगठा ओठांना लावला आणि शेजारच्या घराकडे बोट केलं. तिथं माणसांसाठी चहा ठेवला होता.

तिच्या माहेरचा एक म्हातारा डोळे वटारून तिच्याकडे बघत राहिला. मयताच्या घरात दारू! आणि मला तिथंच रडू फुटलं.