जाऊबाईंचं चौथं प्रकरण

आमच्या थोरल्या जाऊबाई कॉलेजात गणित शिकवतात. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी पीएचडी करायचं मनावर घेतलं. घरात कोणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, नुसती मदत करत नाहीत.

मुदत वाढवून झाली होती. या महिनाअखेरीला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, हे आता सासूबाईंनाही पाठ झालं होतं. सगळा डोलारा चौथ्या प्रकरणावर उभा होता. त्यात जाऊबाईंचं म्हणणं असं, की एका ठरावीक प्रकारचा आकड्यांचा चौकोनी तक्ता घेऊन अमुक गणित केलं, की उत्तर नेहमी शून्यच येतं. मला भाजी निवडता निवडता त्यांनी हे समजावलं होतं. असे मोठे तक्ते हाताने सोडवायचे तर जन्म गेला असता, म्हणून ते काम कॉलेजातल्या गणिताच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं.

त्या सॉफ्टवेअरचंही एक रडगाणंच होतं. परवाना मोजक्याच मशीनचा. कोणी उघडून ठेवलं, की दुसऱ्याला ‘जागा नाही’ असं दिसायचं. संख्याशास्त्राचे सर सकाळी ते उघडत आणि चहाला निघून जात, मग जाऊबाई त्यांना कॅन्टीनभर शोधत फिरत. मुलांची प्रॅक्टिकलंही त्याच मशीनवर. मुलं प्रश्न पुरता न वाचताच टाइप करत आणि आकडा दिसला की हात वर. हे बरोबर कशावरून, असं विचारल्यावर एक जण शांतपणे म्हणाला, “मॅडम, आम्ही कुठे काढलंय? त्याला विचारा.”

त्या दिवशी चिडूनच त्या मोठ्या पडद्यापाशी गेल्या. शून्य पॉइंट एक ही संख्या दहा वेळा मिळवा आणि त्यातून एक वजा करा, म्हणाल्या. यायला हवं शून्य. आला भलताच एक आकडा, शून्याला चिकटलेला, पण शून्य नव्हे. मुलं हसली. जाऊबाई सांगू लागल्या, की दशांशात लिहिलं की मशीन अंदाजाने काम करतं, अपूर्णांकात लिहिलं तर चोख. हा अंदाजाचा कचरा आहे. तो नको असेल तर एक आज्ञा देता येते, मग असे बारीक आकडे पुसून मशीन सरळ शून्य लिहितं.

एवढं बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये पहिल्याच ओळीत दशांश होता, आणि शेवटी ती पुसायची आज्ञा. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून त्यांनीच कधीतरी घातलेली. म्हणजे चौथ्या प्रकरणातलं शून्य खरोखर आलेलं होतं की पुसून केलेलं, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी सगळं अपूर्णांकात लिहून काढलं, ती आज्ञा काढून टाकली आणि प्रोग्राम नव्याने चालू केला. चोख गणिताला वेळ फार लागतो. मधे थांबवलं तर पहिल्यापासून सुरुवात. मशीनवर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवून त्या घरी आल्या. शनिवार-रविवार त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. भाऊजींनी जेवताना विचारलं, किती झालं म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, ते सांगत नाही, विचारलं की ‘चालू आहे’ एवढंच म्हणतं.

“मग अगदी याच्या वळणावर गेलंय,” सासूबाई मुलाकडे बघत म्हणाल्या.

सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. प्रोग्राम अजून चालूच. विभागप्रमुखांना ते मशीन हवं होतं. जाऊबाई द्यायला तयार नव्हत्या. मुलांदेखत शब्दाला शब्द वाढला. तुमचं घरचं काम कॉलेजच्या मशीनवर कशाला, असंही ते बोलले. शेवटी जाऊबाईंनी परीक्षेची एक तुकडी वाढवली आणि मशीन राखलं. त्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींना घरी जायची बस मिळाली नाही.

मुलींच्या फाइली तपासत असतानाच उत्तर आलं. एकच अपूर्णांक, पण वरचा आकडा पडद्यामागून पडदे भरेल एवढा, आणि खालचा त्याहून कितीतरी लांब. जाऊबाई खाली खाली सरकवत राहिल्या. किंमत नगण्य होती. पण शून्य नव्हती.

मार्गदर्शक सरांना त्यांनी तिथूनच फोन केला. सर वैतागले. इतका लहान आकडा म्हणजे शून्यच की, परीक्षक काय प्रोग्राम चालवून बघणार आहेत, दशांशातलं होतं तसंच राहू द्या, म्हणाले.

“सर, लहान आहे. पण शून्य नाही.”

“अहो, मुदत संपतेय. पुन्हा वाढवून मिळणार नाही, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी आल्या तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. भाऊजींनी ताट ओढता ओढता विचारलं, आलं का उत्तर?

“आलं. शून्य नाही आलं.”

“मग चांगलंच की,” भाऊजी मनापासून खूश होऊन म्हणाले, “काहीतरी तर आलं.”

सासूबाईंनीही सुटकेचा निःश्वास टाकला. सुटली एकदाची पोर, म्हणाल्या. जाऊबाईंनी दोघांना वाढलं. समजावून सांगायच्या फंदात त्या पडल्या नाहीत.

मागचं आवरताना मी हळूच विचारलं, “ताई, आता?”

“आता काय. चौथं नाही तर पाचवं नाही, आणि नोंदणीही नाही.” त्या पातेलं घासतच होत्या, ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. “दिलं असतं ना तसंच, तर कोणाला काही कळलं नसतं गं. कोणालाच नाही. राग येतो तो त्याचा.”

मी त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

“आणि त्या पोरींची बस चुकवली ती चुकवलीच,” त्या म्हणाल्या.