शाळेचं पाळीपत्रक

कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांच्या हाती शाळा दिली, की ती शाळेलाही पाणीच समजतात. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका गावात सातवीला शिकवताना मला हे कळलं. डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळा जिल्हा परिषदेची. आसपासच्या वस्त्यांवरच्या लहान शाळा पट कमी म्हणून बंद झाल्या आणि तिथली पोरं आमच्याकडे आली. त्यात आमची चार पोरं स्कॉलरशिपच्या यादीत झळकली. मग बारामतीच्या इंग्रजी शाळांत लेकरं घातलेल्यांनाही मायबोलीचा उमाळा आला आणि त्यांनी ती पिवळ्या बसमधून उतरवून आमच्या दारात आणून सोडली. खोल्या होत्या तेवढ्याच. दोघांच्या बाकावर चौघं बसायची आणि कडेच्याची एक मांडी कायम हवेत असायची. पहिली रांग फळ्याच्या इतकी जवळ आली होती, की तिथली एक पोरगी माझा चुरगळलेला पदर बसल्या जागी सरळ करून द्यायची. नवी खोली मागितली तेव्हा तालुक्याहून उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. विचार भलताच खोल असावा, अजून चालू आहे.

मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. समितीच्या अध्यक्षांना सगळं गाव आबा म्हणतं. कालव्याच्या फाट्यावर पाण्यावरून भांडणं झाली की ती मिटवायला त्यांनाच बोलावतात. आबांनी दारातून वर्ग पाहिला आणि म्हणाले, "बाई, ह्यात अवघड ते काय हाय? पाणी कमी आन् रान जास्त झाल्यावर आमी काय करतो? पाळी लावतो."

आणि खरोखर पाळी लागली. तीन दिवस वर्गात, तीन दिवस व्हरांड्यात सतरंजीवर. ज्याचं घर लांब तो टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा; त्याला आधी आत घ्यायचं, कारण टेलवाल्यांवर नेहमी अन्याय होतो. हे म्हणणं अर्थातच समितीतल्या एका टेलच्या शेतकऱ्याचं. पाळीपत्रक दारावर डकवलं. पाण्याचं जे होतं तेच आठवड्याभरात वर्गाचं झालं. समितीतल्यांची पोरं दुसऱ्याच्या पाळीत खुशाल आत येऊन बसू लागली आणि विचारलं तर "आबांनी सांगितलंय" म्हणू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी व्हरांड्यातल्या पोरांचा फोटो काढला आणि शेरा दिला: नावीन्यपूर्ण उपक्रम.

नावीन्यानं गर्दी काही हटली नाही. पुढच्या बैठकीत आबा म्हणाले, "पाणी पुरंना तर क्षेत्र कमी करावं लागतं." म्हणजे शाळेची हद्द आखायची. फाट्याच्या अलीकडची पोरं आमची, पलीकडच्यांनी पाच किलोमीटरवरच्या इंदापूर तालुक्यातल्या शाळेत जायचं. कायद्यानं कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही नाही म्हटलंच नाही. पलीकडच्या पालकांना सोयीची शाळा सुचवावी, असा ठराव केला. नकाशा काढायला मला सांगितलं आणि मी काढला. फाटा निळ्या पेनानं, हद्द लाल पेनानं. नकाशा सुबक झाला होता, हेही सांगून टाकते.

लाल रेघ वाळते न वाळते तोच कुणीतरी आठवण करून दिली की आबांचा नातू पलीकडच्या बंगल्यात राहतो. आबा जराही गडबडले नाहीत. "राहतो तिकडं, पण आमची मोटर हितल्या पाण्यावर हाय. तवा तो हितलाच." हे सगळ्यांना पटलं. मग एकेकाला आपापली पाइपलाइन आठवली. चहा येईपर्यंत पलीकडची सगळी पोरं पाइपलाइनीतून अलीकडे आली. उरली एक पोरगी. तिचा बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, कारखान्याला ऊस वाहणारा. रान नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून पाइपलाइन नाही.

माझ्या वर्गात गणितात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. व्हरांड्यात पाळी असली तरी खिडकीतून उत्तर सांगायची, आतली पोरं वही उघडायच्या आधी.

मी उठून म्हटलं, "आबा, एकच पोरगी राहिली आहे. तिच्यानं कितीशी गर्दी होणार?"

आबांनी खरंच विचार केला. माणूस दुष्ट नाही. "एकाला सोडलं की नियम मोडतो बाई," ते म्हणाले. एकजणही हसला नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला त्या वर्षी बारामतीजवळ बदली हवी होती आणि त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मी खाली बसले. पाळीपत्रकाला मी आजवर भरपूर हसले आहे, पण त्या खाली बसण्याची मला लाज वाटते.

दाखला न्यायला तिची आई आली. "उसाच्या ट्रॅक्टरांतनं पोरीला एकटी कशी धाडू, बाई?" मी सायकलच्या योजनेचं सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दाखल्याची घडी घातली आणि गेली.

दिवाळीनंतर मी त्या दुसऱ्या शाळेत फोन केला. तिकडे असं नाव पटावर नव्हतं. त्याच रविवारी मी फाटा ओलांडून तिच्या घरी गेले. ती दारात होती, कडेवर धाकटी बहीण. मला पाहून तिनं पोतं अंथरलं आणि म्हणाली, "बसा बाई, च्या टाकते." गावातल्या बाया म्हणतात तसं, त्याच सुरात. वय वर्षं बारा.

"अभ्यास करतेस का गं?" मी विचारलं.

"न्हाय. आई खुरपायला जाती. हिला कोण बघणार?" तक्रार अशी नव्हतीच, मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

परत ये, मी आबांशी भांडते, असं म्हणायचं मी वाटेत ठरवलं होतं. म्हटलंही. पाहुणे निघताना "या आमच्याकडे एकदा" म्हणतात, तेव्हा आपण मान हलवतो, तशी तिनं हलवली आणि कपात चहा गाळला.

चहा फक्कड झाला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "छान केलास गं." तिचा चेहरा फुलला. वर्गात अपूर्णांकाचं गणित सुटलं की फुलायचा, अगदी तसाच.