आवाज येतोय का

मायची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी कामावर बसलो. कामावर म्हणजे घरातल्याच पलंगावर, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. रिसोडच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं भाजीपाल्याचं वावर आहे आणि वावरातच घर. कंपनी पुण्याची. विम्याचे दावे अडकले की लोक चिडून लिहितात, त्यांना समजुतीची उत्तरं लिहायची, हे माझं काम. मायच्या आजारपणात तिच्याजवळ राहता यावं म्हणून मी घरून काम मागून घेतलं होतं. आता ती नव्हती. पण परत ये असं कोणी म्हणालं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या सकाळी राउटरवर लाल दिवा होता. बंद करून चालू केला, वायर काढून परत लावली. लालच. केबलवाल्याला फोन केला.

"नालीचं काम चालू आहे ना भाऊ, जेसीबीनं वायर तोडली. आज काही होत नाही."

"उद्या?"

"पाहू."

एरवी मी त्याच्याशी भांडलो असतो. त्या दिवशी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच बरं म्हणत होतो. मेडशीची आत्या तेरवीसाठी येऊन राहिली होती; ती जेव म्हणाली की बरं. पाहुणे म्हणाले, सुटली बिचारी, त्यालाही माझं बरंच. त्या शब्दामागे काही नव्हतं. तोंडाला तो सोपा पडत होता.

मी टीम लीडला कळवलं की नेट नाही. ती माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला मऊ. म्हणाली, "काम राहू दे आज. पण मीटिंगला तेवढा ये. फोनच्या नेटवरून जमेल का? सगळे आहेत."

घरात फोनला रेंज धड मिळत नाही, मिळते ती विहिरीजवळ. मी लॅपटॉप काखेत मारून तिकडे गेलो. बाबा शेवग्याखाली मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. हे काम माय करायची आणि बाबा गाडीवर लादून बाजारात न्यायचे. आता दोन्ही तेच करत होते. त्यांच्या जुड्या सैल व्हायच्या, मग ते सोडून पुन्हा बांधायचे. मला पाहून थोडे सरकले. मी विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसलो, फोन कठड्यावर ठेवला, त्याचं नेट लॅपटॉपला जोडलं आणि मीटिंगमध्ये शिरलो.

पडद्यावर सगळ्यांचे चेहरे आले. लीड काहीतरी बोलत होती, पण आवाज तुटत होता. "आपण सगळे..." एवढं कळलं, मग नुसती खरखर, मग "...साठी". आणि सगळं थांबलं. आवाज गेला. चेहरे जिथल्या तिथे राहिले. बऱ्याच जणांनी माना खाली घातलेल्या, एकाचे डोळे मिटलेले. नेट गेलं की चेहरे असेच वाटेल तसे अडकून पडतात, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही.

"हॅलो," मी म्हणालो. "आवाज येतोय का माझा?"

कोणी हललं नाही.

"हॅलो, हॅलो. मला तुम्ही दिसताय, पण आवाज नाही. कोणाला येतोय का माझा आवाज?"

विहिरीवरची मोटार चालू होती म्हणून मी मोठ्यानं बोलत होतो. फोन उचलून हात वर केला, कठड्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो, पुन्हा विचारलं. शेवटी वैतागून बाहेर पडलो.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"कोणी बोलूनच नाही राह्यलं."

"तुले ऐकू नसन येत."

"तसंच असन."

पुन्हा आत शिरलो तेव्हा आवाज स्वच्छ होता. लीड म्हणाली, "ये, ये. आलास ना? चल, सुरू करू." सगळे माझ्याशी जरा जपून बोलले. मी उरलेल्या कामाचं सांगितलं आणि मीटिंग संपली.

दुपारी टीममधल्या एका मित्राचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "अरे, ते सकाळी... दोन मिनिटं शांत राहायचं ठरलं होतं. तुझ्या आईसाठी. तुला ऐकू आलं नाही बहुतेक."

"नाही."

"आम्हाला तू ऐकू येत होतास. पण मध्येच कसं बोलणार, म्हणून कोणी..."

"बरं," मी म्हणालो.

फोन ठेवून मी थांबलो. लाज वाटेल, किंवा निदान रडू येईल, असं वाटलं. काहीच आलं नाही. राउटरकडे गेलो, दिवा लालच होता.

संध्याकाळी आत्यानं भाकरी वाढली तेव्हा मी बाबांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तुह्या मायसाठी गप राह्यले?"

"हो."

"त्यायनं तं तिले पाह्यलंही नव्हतं."

"नाही."

"अन् तू?"

"मी इचारत होतो, आवाज येते का म्हणून."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आत्या दचकली. "काहून हासून राह्यला तू?" तिनं भावाला विचारलं. त्यांनी हातानंच काही नाही म्हटलं, पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. माय गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत जेवत राहिलो. मला हसू आलं नाही, पण मीठ कमी आहे एवढं कळलं. तेरवीपर्यंत तेही कळत नव्हतं. आत्याला मीठ मागितलं.

ती दुसऱ्या दिवशी एसटीनं मेडशीला गेली. वायर त्यानंतर जोडली गेली आणि राउटरवर हिरवा दिवा आला. कामाला मी पलंगावर बसू लागलो. सकाळच्या मीटिंगला मात्र लॅपटॉप घेऊन विहिरीजवळच जात राहिलो. बाबा जुड्या बांधत असायचे. फार बोलायचे नाहीत.

"अजून आवाज तुटतोय रे तुझा," एकदा लीड म्हणाली. "वायर जोडली नाही का त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.